एक रिंग, दोन संघ आणि मधे मी

कात्रप, बदलापूर (पूर्व)
बुधवार, २३ नोव्हेंबर १९९४

तीर्थरूप विष्णुपंत यांस,

शशिकांतचा साष्टांग नमस्कार. तुमचा डावा गुडघा आता कसा आहे? (मालिनी म्हणते उजवा. तुमच्या सख्ख्या बहिणीशी वाद नको, म्हणून दोन्ही गुडघ्यांची चौकशी केली असं समजावं.) वहिनींना नमस्कार. इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. खरी परिस्थिती अशी आहे की मालिनी माझ्याशी कामापुरतं बोलते, मीनल अजिबात बोलत नाही, आणि सोसायटीच्या अध्यक्ष कुमुदिनीबाई माझ्याविषयी बोलतात. या सगळ्याचं मूळ तुमची शिटी आहे. राग मानू नका, पण दिवाळीला आलात तेव्हा ती तुम्ही आमच्या खुंटीवर विसरून गेलात, आणि तिथून पुढे जे रामायण घडलं ते सविस्तर कळवणं मला भाग आहे.

तुम्हाला ठाऊकच आहे, मीनल बारावीत गडगडली तेव्हापासून पोरगी घुमी झाली. जेवायला ये म्हटलं की यायची, झोप म्हटलं की झोपायची, पण तोंडातून शब्द नाही. मी तिला समजावलं, रागावलो, दोनदा माथेरानला नेतो म्हणालो (नेलं नाही, हेही खरं). मग जूनमध्ये कुळगावची वेणू तिला भेटली. वेणूच्या घरची भातशेती आहे, पोरगी हाडापेराने मजबूत, आणि शाळेत बास्केटबॉल खेळलेली. त्या दोघींना एक बॉल मिळाला, आणि विष्णुपंत, काय सांगू, आमची मुलगी बोलायला लागली! पोळी लाटताना बोलते, वेणी घालताना बोलते. मला तर भरूनच आलं. मी आमच्या कारखान्यातल्या आनंदा वेल्डरकडून गजाची एक रिंग वळवून घेतली. (आतला व्यास अठरा इंच. मी स्वतः चार ठिकाणी मोजला. इन्स्पेक्शन खात्यात बावीस वर्षं काढलेला माणूस रिंग अशीच कशी पास करेल?) ती रिंग आम्ही दोन इमारतींमधल्या मोकळ्या जागेत पाइपावर चढवली. कुमुदिनीबाईंना त्या जागी तुळशीवृंदावन आणि ज्येष्ठांसाठी दोन बाकं हवी होती. मुलांनी स्पर्धा भरवायची परवानगी मागितली तेव्हा बाई म्हणाल्या, भरवा, पण एक जरी भांडण झालं तरी दुसऱ्या दिवशी रिंग खाली. बाईंचा शब्द म्हणजे शब्द. त्यांनी त्याकरता एक शंभरपानी वही आणली आणि वर ‘भांडणे’ असं लिहून ठेवलं.

आता पंच कोण, हा प्रश्न आला. खुंटीवरची शिटी कोणीतरी पाहिली, आणि ज्याचा मेहुणा कबड्डीचा पंच त्याला नियम कळणारच, असं सर्वानुमते ठरलं. मी नाही म्हणायला हवं होतं. पण शिटी गळ्यात आली की माणसाचं काय होतं ते तुम्ही जाणता.

विष्णुपंत, हा खेळ तुम्ही पाहिलेला नाही, हे तुमचं भाग्य. संघात तीनच माणसं. बरं, ते चालेल. पण रिंगही एकच! दोन्ही संघ त्याच एका रिंगमध्ये बॉल टाकतात. मी मीनलला विचारलं, मग कोणी कोणावर गोल केला हे समजायचं कसं? ती म्हणाली, ज्यांनी टाकला त्यांचा. मी दोन दिवस यावर विचार केला. अजून विचार चालू आहे. पुढे ऐका. जवळून टाकला तर एक गुण आणि रेषेबाहेरून टाकला तर दोन. अहो, बॉल तोच, रिंग तीच, मग भाव दोन कसे? समोरच्याचा नेम चुकून बॉल आपल्या हातात आला, तर लगेच टाकायचा नाही. आधी तो घेऊन रेषेबाहेर जायचं, मग परत आत यायचं. (मी विचारलं, बाहेर जाऊन काय करायचं? काही नाही, फक्त जायचं. ऑफिसात फाइल साहेबाकडे जाऊन येते तसंच हे असावं, अशी मी मनाची समजूत घातली.) खेळ सुरू करताना बॉल आधी शत्रूच्या हातात द्यायचा आणि त्याने तो आपल्याला परत करायचा. म्हणजे हळदीकुंकू झालं हो! एकवीस गुण ज्याचे आधी होतील तो जिंकला, एवढं एक कलम मला पहिल्या वाचनात समजलं.

आणि सगळ्यांवर कडी म्हणजे फाऊल. ज्याने धक्का दिला त्याने स्वतःच हात वर करून सांगायचं की मी दिला. मी म्हटलं, मग मी शिटी कशाला वाजवायची? मीनल म्हणाली, बाबा, तुम्ही फक्त उभे राहा. हे मला लागलं. बावीस वर्षांत मी नुसता कुठे उभा राहिलेलो नाही. म्हणून मी रात्री बसून चौदा नियमांचं पत्रक टाइप केलं, आणि चौदावा नियम खास माझा घातला: जो संघ सर्वाधिक वेळा प्रामाणिकपणे हात वर करेल, त्याला खिलाडूवृत्तीचा चषक. चषक मी उल्हासनगरहून आणला, स्टीलचा, चांगला दीड फुटी. (विजेत्यांचा चषक वर्गणीतला, त्यामुळे तो वाटीएवढा.) आमच्या कारखान्यात एकदा जो स्वतःची चूक स्वतः कळवेल त्याला बक्षीस ठेवलं होतं, आणि त्या महिन्यात अख्ख्या खात्यात एकही धड नग निघाला नाही, ही गोष्ट मला तेव्हा आठवायला हवी होती. ती नंतर आठवली.

रविवारी सकाळी पहिला सामना अंबरनाथ एमआयडीसीतल्या पोरांचा, आमच्या सोसायटीच्या पोरांशी. बॉल उडाला आणि सहाच्या सहा हात वर! कोणी कोणाला शिवलंही नव्हतं. एकजण म्हणतो माझा धक्का लागला, दुसरा म्हणतो छे छे, माझाच लागला. एकजण तर पाणी प्यायला बाजूला गेला होता, तोही तिथून हात वर करून उभा. सगळ्यांचा डोळा दीडफुटीवर. पाऊण तास झाला तरी गुण तीन-तीन, आणि माझ्या वहीत हात त्रेपन्न. गॅलरीत बसलेली मंडळी विचारायला लागली की हा खेळ आहे की शाळेतली हजेरी? शेवटी मी चौदावा नियम मागे घेतला, तेव्हा कुठे पोरं एकमेकांना धडकायला लागली आणि लोकांना बरं वाटलं.

अंतिम सामना मीनल, वेणू आणि त्यांची एक मैत्रीण अशा तिघींच्या संघाचा, उल्हासनगर कॅम्प पाचच्या मुलांशी. मुली विरुद्ध मुलगे कसं काय, हे विचारू नका, मी विचारलं होतं आणि तिघींनी माझ्याकडे असं काही पाहिलं की मी बूट बांधायला खाली वाकलो. (पायात सँडल होत्या.) कॅम्प पाचचा कॅप्टन होतू म्हणून एक सिंधी मुलगा, वडिलांचं पडद्याच्या कापडाचं दुकान. मुलगा अदबशीर, चुकून धक्का लागला की लगेच हात वर आणि वर ‘सॉरी दीदी’. आमची वेणू मात्र ‘इकरं टाक गो, इकरं!’ करत रान उठवत होती. काय खेळल्या हो पोरी! मीनल पळताना हसत होती. मी तिला गेल्या दोन वर्षांत असं हसताना पाहिलं नव्हतं.

गुण झाले वीस-एकोणीस, मुली पुढे. होतूचा नेम चुकला, बॉल वेणूकडे, वेणूकडून मीनलकडे, मीनलने टाकला आणि पडला! मी शिटी फुंकली आणि ओरडलो, बास्केट मंजूर. होतू शांतपणे म्हणाला, “अंकल, दीदी लाईन के बाहर गयी ही नहीं.” आता ती रेष बायकांनी रांगोळीने काढलेली, दिवसभरात पुसत आलेली, आणि नेमका मी तिच्यावर उभा, त्यामुळे उरलीसुरली माझ्या सँडलखाली. कोण कुठे होतं हे देवालाच ठाऊक. पण त्या पोराने मला जाब विचारावा? माझा तोल सुटला. बावीस वर्षांत माझ्या शिक्क्यावर कोणी बोट ठेवलेलं नाही, तू कोण टिकोजीराव, पडदे विक जा, असं बरंच काही मी बोललो. आवाज स्टेशनपर्यंत गेला असावा. वर गॅलरीत कुमुदिनीबाईंनी वही उघडलेली मला दिसली. आणि तेवढ्यात मीनलने हात वर केला. म्हणाली, बाबा, मी बाहेर गेले नव्हते.

बास्केट रद्द झाली. पुढच्याच डावात होतूने लांबून टाकला, दोन गुण, एकवीस-वीस, संपलं. पोरांनी एकमेकांचे हात हातात घेतले. माझ्याकडे कोणी आलं नाही.

वहीत एकच नोंद आहे: ‘भांडणे – एक. पंच.’ बाईंचं म्हणणं, भांडण पोरांचं नव्हे म्हणून आठवड्याची मुदत; येत्या रविवारच्या बैठकीत पंचाने होतूसमोर हात वर करून चूक कबूल करावी, नाहीतर सोमवारी रिंग खाली. माझा उजवा खांदा आखडलेला आहे, हे मी त्यांच्या निदर्शनास आणलं. मीनल रविवारपासून पुन्हा गप्प आहे. बॉल पलंगाखाली ढकललाय. दीडफुटी चषक आमच्या टीव्हीवर बेवारस पडून आहे. माझं नेमकं काय चुकलं, हे मला खरोखरच समजत नाही. तब्येतीस जपा, आणि दोन्ही गुडघ्यांना तेल लावत जा.

आपला,
शशिकांत

ता. क. – मुख्य गोष्ट राहिलीच. तुमच्या लेटरहेडवर मला असं लिहून पाठवाल का, की पंचाने आवाज चढवला तर ते भांडण धरत नाहीत, आणि पंचाने हात वर करण्याची प्रथा कोणत्याही खेळात नाही? खाली सही आणि पंच म्हणून तुमचा शिक्का हवा. बैठकीआधी मिळालं तर रिंग वाचेल.

ता. क. (गुरुवार) – पत्र अजून टाकलेलं नाही. वर मी लिहिलंय की कोण कुठे होतं हे देवालाच ठाऊक. विष्णुपंत, ते मलाही ठाऊक होतं. मी रेषेवरच उभा होतो. मीनलचा पाय माझ्या सँडलपासून हातभर आत होता, मी तो या डोळ्यांनी पाहिला आणि तरीही शिटी फुंकली. ती हसत होती हो! ते हसू थांबवायचा धीर झाला नाही. पोर खरं बोलली आणि मी त्या गरीब मुलावर खेकसलो. ते लेटरहेडचं राहू द्या.

ता. क. (शनिवार) – आज कॅम्प पाचला होतूच्या दुकानी जाऊन आलो. दुकानात गिऱ्हाईक होतं, म्हणून रस्त्यातूनच हात वर केला. (डावा. उजवा खरंच उठत नाही.) तर एक रिक्षा येऊन थांबली. ती घालवली, पुन्हा हात वर केला, तर दुसरी. तिसऱ्या रिक्षानंतर होतू बाहेर आला. मी त्याला सांगितलं, बेटा, मैंने देखा था, फिर भी झूठ बोला. त्याने स्वतःचाही हात वर केला. त्याने कशाला केला, त्याची काय चूक होती, हे मला अजून उमगलेलं नाही. मग त्याच्या वडिलांनी बळेच दोन ग्लास लस्सी पाजली.

ता. क. (रविवार, दुपार) – बैठक झाली. सगळ्यांदेखत पुन्हा एकदा डावा हात वर केला आणि पाहिलेलं सगळं सांगितलं. रिंग राहिली. कुमुदिनीबाईंनी वहीतल्या ‘पंच’ या शब्दावर काट मारली, आणि यापुढे पंच नेमायचाच नाही असा ठराव झाला. तुमची शिटी मालिनीने पार्सलमध्ये घातली आहे. मला रेष आखायचं काम दिलंय, रांगोळीने नव्हे, पांढऱ्या ऑइलपेंटने. ब्रश दीडफुटी चषकात रॉकेलमध्ये भिजत ठेवलाय. रेष वाळेपर्यंत कोणी तुडवू नये म्हणून मी इथेच पायरीवर बसून हे लिहितो आहे, आणि मीनल शेजारी बसून मघापासून एकसारखी बोलते आहे. तेव्हा अक्षरात, मजकुरात काही चुका झाल्या असतील तर त्या माझ्याच धराव्यात.