चाफ्याचं चौथं फूल

बाबा, तुमच्या क्लासच्या वेबसाइटचं एक पान आता रशियनमध्ये होतंय. तुम्ही होतात तेव्हा क्लासची जाहिरात म्हणजे कॅम्प एकच्या नाक्यावर टांगलेला कापडी फलक, म्हणून वेबसाइट म्हणजे फोनवर दिसणारा फलक असं समजा. इंग्रजी शिकायला आता पोरं फारशी येत नाहीत, फोनच शिकवतो म्हणतात. दोन वर्गांतला एक मी कुलूप लावून ठेवलाय. पण हिवाळाभर गोव्यात येऊन राहणारी रशियन मंडळी आहेत, ती घरबसल्या व्हिडिओवर इंग्रजी आणि कामापुरतं हिंदी शिकायला तयार असतात, असं कळलं. त्यांना आपलं पान त्यांच्या भाषेत दिसायला हवं. मी आधी फोनवरच भाषांतर करून बघितलं, पण बरोबर की चूक हे सांगणार कोण? तुम्हाला रशियन यायचं, पण तुम्ही आता नाही. मग रशियन येणारं आपल्या ओळखीत एकच माणूस उरतं. फॅक्टरी कॉलनीतल्या आपल्या समोरच्या क्वार्टरमधली ती.

आता ती दुभाषी म्हणून बरीच वर्षं काढून परत आलीय आणि हेंद्रेपाड्याला माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहते. मला मात्र ती अजून अंबरनाथच्या आपल्या स्वयंपाकघरातच दिसते. फॅक्टरीत रशियन मशीनं आली म्हणून तुम्हाला तिकडे कोर्सला पाठवलं होतं, आणि तुम्ही परत आलात ते ती भाषा आणि लिंबू पिळलेला बिनदुधाचा चहा घेऊन. आई म्हणायची, चहा कसला, काढा आहे. टेबलाच्या एका बाजूला तुम्ही बसलाय, दुसऱ्या बाजूला तुमच्याकडे रशियन शिकायला आलेली, दोन वेण्या घातलेली ती, आणि मी ओट्यापाशी मेथी निवडतेय. ती काहीतरी म्हणते आणि तुम्ही मान मागे टाकून हसता. घरात तुम्ही असे कधी हसायचा नाहीत. एकदा धीर करून मी म्हटलं, मलाही शिकवा ना. "आधी गणितात पास होऊन दाखव," तुम्ही म्हणालात, तेही तिच्यादेखत. ती खाली मान घालून वहीत उगाच काहीतरी खोडत राहिली, आणि तिचं ते समजूतदारपणे खाली बघणं मला जास्त झोंबलं. मी पास झाले. तुम्ही विसरून गेलात आणि मी आठवण करून दिली नाही.

माझ्या वाढदिवसाला तुम्ही स्टेशनबाहेरून सोनचाफा आणायचात. ती फुलवाली चार फुलांचा पुडा बांधायची. आईने आणला की त्यात चार असायची, तुम्ही आणलात की तीन. दर वर्षी तीन. आणि एका वाढदिवसाला संध्याकाळी समोरच्या गॅलरीत ती उभी, केसांत चाफा. झालं. चौथं फूल कुठे जातं ते मला कळलं. त्या रात्री मी जेवले नाही, आणि तुम्हाला वाटलं पोट बिघडलं असेल. बाबा, लग्न झालं, मुलं झाली, तुम्ही गेलात, तरी ते एक फूल माझ्या मनातून गेलं नाही.

तर ती रोज दुपारी क्लासमध्ये येते आणि आपल्या पानाची उलथापालथ करते. "ॲडमिशन सुरू" ही लाल लुकलुकणारी पट्टी काढली. "शंभर टक्के गॅरंटी" काढलं, म्हणे हे वाचलं की त्यांना आधी फसवणूक आठवते. व्हॉट्सॲपच्या जागी टेलिग्राम, आपल्या वेळेशेजारी त्यांची वेळ, शिकवणाऱ्याचा साधा फोटो, पहिला तास फुकट. सगळं बरोबरच असतं, हेच खुपतं. पान चाललं तर ते तिच्यामुळे चालेल, आणि तुमचा क्लास तिचा होऊन जाईल. मी फक्त किल्ल्या सांभाळणारी.

परवा ती पहिल्याच फोटोवर अडली. स्वागताचा म्हणून मी खास काढून घेतला होता, साडीतली मुलगी, हातात तबक, तबकात दोन गुलाब.

"ताई, हा नको. दोन फुलं नकोत."

"अगं, जोडी शुभ असते."

"आपल्याकडे. त्यांच्याकडे जोडीनं फुलं फक्त मयताला वाहतात. जिवंत माणसाला एक, तीन, पाच. उघडल्या उघडल्या पब्लिक पळेल." मग स्वतःशीच हसली. "काकांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलेलं. त्यांना ते इतकं पटलं होतं ना, म्हणायचे, आपल्याकडे काही का असेना, माझ्या पोरीच्या हातात मी चार फुलं देणार नाही."

मी उठून खिडकीपाशी गेले. खाली कापडवाला गिऱ्हाइकाला "साईं, देखो तो सही" म्हणत ताग्यांवर तागे उलगडत होता, ते बघत राहिले. मग न राहवून विचारलंच, की चौथं तुला द्यायचे ना?

"मला? फूल?" तिला खरंच कळेना. "मला त्यांनी लाल शाईच्या चुका दिल्या, ताई. फूल कधीच नाही. माझी आई त्याच बाईकडून घ्यायची, अख्खी कॉलनी घ्यायची." चौथ्याचं तुम्ही काय करायचात, तेही तिला ठाऊक नाही. तुमच्याबद्दल तिला ठाऊक नसलेली एक तरी गोष्ट निघाली, याचं मला फार बरं वाटलं.

पण पुरतं बरं वाटत नाही, बाबा. तुम्ही माझ्यासाठी जे करत होतात त्याचं कारण तिला माहीत होतं आणि मला नाही. एका वाक्याचं तर काम होतं. ते स्वयंपाकघरात, मेथी निवडणाऱ्या मुलीला सांगता आलं नसतं का? आता तुमची माया कळली तीही तिच्या तोंडून, आणि यासाठी मी तिचे आभार मानावेत अशी अपेक्षा असेल तर मला ते जमणार नाही.

हे पत्र मी कुठे टाकणार. क्लासच्या ड्रॉवरमध्ये राहील. आज तुमच्या फोटोसाठी सोनचाफ्याचा पुडा आणला, त्यात चार होती. तिच्या हिशेबाने आता तुम्हाला चारच वाहायला हवीत. मी तीन वाहिली. चौथं तिला द्यावं म्हणून तिच्या टेबलापर्यंत गेले होते. ती मान खाली घालून टाइप करत होती, तिने बघितलं नाही. मी मागे फिरले आणि ते माझ्या केसांत माळलं.