अण्णांच्या जेवणावळीऐवजी

अण्णा,

तुमच्या पुण्यतिथीची जेवणावळ आम्ही बंद केली. राग येईल तुम्हाला, पण आधी सगळं ऐकून घ्या. तुम्ही गेल्यापासून धाकट्या भावानं ती एकदाही चुकवली नव्हती. राजूरच्या रस्त्याकडच्या आपल्या वावरात मांडव पडायचा. वरण-बट्टी, वांग्याची भाजी, बुंदी, पंगतीवर पंगती. मी जालन्याहून सुट्टी काढून यायची, वाढायला उभी राहायची. जेवून उठणारी म्हातारी माणसं तुमचं नाव काढायची तेव्हा बरं वाटायचं. लहानपणीचा घरातला एक दिवस त्या वेळी हमखास आठवायचा. आई भाकरी थापतेय, दारात एक बाई पदर पसरून उभी आहे, तुम्ही तिच्या पदरात ज्वारी घालताय, आणि मी मध्येच विचारते, "काल तर आल्ती ही. आज परत कशाला पाहिजे?" तिच्यासमोर तुम्ही काही बोलला नाहीत. ती गेल्यावर मला जवळ बसवलंत. "पोरी, देताना विचारायचं न्हाई. विचारलं की घेणाऱ्याची मान खाली जाते." आई चुलीपुढून म्हणाली, "लहान हाय ती." तुम्ही म्हणालात, "म्हणूनच आत्ता सांगून राह्यलो." ते मी इतकी वर्षं पाळलं.

मग मागे कापूस वेचणीच्या एका हंगामात, तुमच्या पुण्यतिथीच्या आठवडाभर आधी, शेजारच्या शिवारातल्या शेततळ्यात एक चार वर्षांची पोरगी बुडाली. तुमच्या काळी ही तळी नव्हती. मोठा खड्डा खणतात आणि पाणी मुरू नये म्हणून आतून प्लास्टिकचा कागद अंथरतात. त्या कागदावर शेवाळ धरतं. आत घसरलेल्या माणसाला धरायला काही सापडत नाही. पोहता येणाराही वर चढू शकत नाही. पोरीची आई दोन ओळींपलीकडे कापूस वेचत होती. ती बाई आपल्या पंगतीला आली होती. सगळ्या वेचणाऱ्या बायांसोबत तिलाही कुणीतरी आणून बसवलं होतं. मी तिच्या पत्रावळीवर बुंदी वाढली. तिनं हात लावला नाही, नुसती बघत राहिली. मी काही न विचारता पुढच्या पानाकडे सरकले. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं, अण्णांचं हे न विचारणं इथे कामाचं नाही.

दुसऱ्या दिवशी तिच्या घरी गेले. मग म्हटलं, "तुला वाईट वाटणार नसेल तर विचारते. पोरगी वावरात कशी काय आल्ती?"

"मंग कुठं ठेवू, ताई? सासू वेचायला, जाऊ वेचायला. अंगणवाडी दुपारीच बंद होते, आमी दिवस बुडल्यावर येतो. समद्याच बाया लेकरं संगं नेतात." मग ती म्हणाली, "लोकं येऊन म्हणून राह्यले, तुझं लक्ष कसं न्हाई राह्यलं. कुठं ठेवायची व्हती, हे कुणी न्हाई विचारलं."

तिची मान खाली गेली नव्हती, अण्णा. उलट ती माझ्याकडे बघून बोलत होती.

धाकट्याला सांगितलं तेव्हा तो लगेच जालन्याहून जाड दोर घेऊन आला, जुने टायर गोळा केले आणि शिवारातल्या एकेका तळ्यात दोर सोडून त्याला टायर बांधले. मला म्हणाला, "झालं काम, आक्का. आता जेवण बी करू." मी म्हटलं, दोर पडलेल्या लेकरासाठी झाला, लेकरू तिथे जाऊच नये, त्याचं काय? अंगणवाडी सुटल्यावर संध्याकाळपर्यंत लेकरं सांभाळायची तर दर हंगामात बायांना पगार द्यावा लागेल, खाऊ लागेल. एका वर्षाच्या उत्साहावर ते चालणार नाही, आणि दोन्ही खर्च आपल्याला झेपणार नाहीत. तो चिडला. "लोकं म्हणतील, अण्णा गेले अन् पोरांनी हात आखडला." कितीतरी दिवस माझा फोन उचलला नाही. मग एकदा स्वतःच फोन केला. "एका वस्तीवर करून बघू. जमलं तर बराबर, न्हाई तर पुढच्या साली मांडव." मी बियाण्याच्या कंपनीत काम करते, मूठभर दाणे उगवून बघितल्याशिवाय आम्हीही पिशवी बाहेर पाठवत नाही. मला ते पटलं.

पहिले काही दिवस एकही लेकरू आलं नाही. शाळेची रिकामी खोली झाडून ठेवली, चटया आणल्या, आपल्या भावकीतली एक बाई नेमली, आणि ती एकटीच बसून राहायची. मी पुन्हा त्या आईकडे गेले, तिलाच काम घेतेस का म्हणून विचारलं. ती म्हणाली, "मला न्हाई जमायचं. लेकरं बघवत न्हाईत अजून. पण माझ्या सासूचे गुडघे गेलेत, तिला वेचणं होत न्हाई आता. तिच्याजवळ ठेवतील बाया. तुमच्या भावकीतली बाई म्हंजे मालकीण, तिच्याजवळ बाया आपली लेकरं कशी ठेवतील?" हे आपल्याला आधी सुचायला हवं होतं. सासू आली आणि खोली भरली. पुढच्या हंगामात शेजारचे शेतकरी धाकट्याकडे आले. बाया निवांत मनानं वेचतात, मध्येच उठत नाहीत, आम्ही पण खर्चाचा वाटा उचलतो म्हणाले. आता तीन वस्त्यांवर खोल्या चालतात. मांडवाचं नाव धाकटा काढत नाही.

त्यानंतर शिवारात कुणी बुडालेलं नाही. आमच्यामुळे की नशिबानं, कोण सांगणार? जे घडलंच नाही ते दाखवता येत नाही. हे पत्रही कुठे टाकता येणार नाही, म्हणून एक गोष्ट तेवढी कबूल करते. गेल्या रविवारी संध्याकाळी मी खोलीच्या दारातच उभी राहिले, बाया लेकरं न्यायला येतात त्या वेळेला. कुणी तुमचं नाव काढेल, दोन चांगले शब्द बोलेल असं वाटत होतं. एकजण घाईघाईत आली, पोरीला कडेवर घेतलं, तिच्या पायांकडे बघून म्हणाली, "ताई, हिची एक चप्पल कुठं गेली?" मी वाकून चटईखाली चप्पल शोधायला लागले. आणि खरं सांगते अण्णा, मला जरासं वाईट वाटलं.