सातव्या पेपरावरचं नाव

मुंबई, ८ फेब्रुवारी १९५४

ती. मामंजींस, सा. न.

वि. वि. लिहीत नाही. आज विनंती नाही, तक्रार आहे.

माझ्या संशोधनाच्या पेपराची छपाईआधीची प्रुफं लग्नानंतर झाशीच्या पत्त्यावर आली. ती मला पाठवायची सोडून तुम्ही लाल शाईनं 'अनुसूया बर्वे' खोडलंत, वर 'सौ. इंदुमती लघाटे' लिहिलंत आणि प्रुफं परस्पर संपादकांकडे रवाना केलीत. तसंच छापलं गेलंय. तुमच्या चिरंजीवांनी ताटातल्या तांदळांत काढलेलं नाव घरात हाक मारण्यापुरतं, असं आपलं बोलणं झालं होतं.

तुमच्या झाशीकडच्या एरच गावच्या मेळ्याहून धडधाकट परतणारी माणसं पटकीचे जंतू गावोगाव कशी नेतात, हे शोधायला मी कितीक हिवाळे बेतवेकाठी तंबूत काढले, लोकांची घाण तपासली. आधीचे सहा पेपर बर्वेच्या नावावर आहेत. काल प्रयोगशाळेच्या प्रमुखपदासाठी मुलाखत झाली. एकानं विचारलं, यातला सगळ्यात वजनदार पेपर कुणा लघाटेबाईंचा आहे, तो तुम्ही आपला म्हणून कसा दाखवता? बाकीचे हसले. स्वतःच्याच कामाची मी चोर ठरले.

संपादकांना ताबडतोब लिहून चूक कबूल करा. सासूबाईंना नमस्कार.

रागातही आपलीच,
अनुसूया

झाशी, १२ फेब्रुवारी

चि. सौ. इंदुमतीस, आशीर्वाद. ते रागात अडवून ठेवायची आमच्यात पद्धत नाही.

वाह बहूजी, सासऱ्याला टपालानं झाडायचं हे मुंबईत शिकवतात वाटतं. रेल्वेच्या कचेरीत जन्म गेला माझा. नाव बदललं की आधी कागद दुरुस्त करायचा, नाहीतर पुढे सगळं अडतं. तेच केलं. तू आहेस लघाटे, आणि पेपरावर बर्वे?

शिवाय ते नाव असंतसं नाही. आमची थोरली इंदू सात वर्षांची असताना एरचच्या मेळ्याहून आली ती हैज्यानं, तुझ्या त्या पटकीनं, गेली. त्याच मेळ्यावर, त्याच रोगावर छापलेला पेपर आणि वर तिचं नाव. लक्ष्मी गेटपर्यंत सगळ्यांना दाखवून आलो. मुलाखत घेणाऱ्यांना सांग की ती लघाटेबाई मीच. माफी मागणार नाही.

माया आहे, ती अशा पत्रांनी आटत नाही.

नानासाहेब

मुंबई, १६ फेब्रुवारी

ती. सासूबाईंस, सा. न.

इंदूबद्दल मला कुणी अवाक्षर सांगितलं नव्हतं. वाचून रडू आलं, आणि मग दुप्पट संताप. मुलीची आठवण ठेवायची तर माझं काम पुसून का? संपादक दुरुस्ती छापायला तयार आहेत, पण ज्यानं बदल केला त्याची सही मागतात. सोबतच्या कागदावर ती महिनाअखेर मिळाली नाही तर प्रमुखपदाची जागा दुसऱ्याला जाईल. मामंजी ऐकत नाहीत. आता तुम्हीच बघा.

तुमची,
अनुसूया

झाशी, २१ फेब्रुवारी

चि. सौ. अनुसूयेस, पोटभर आशीर्वाद.

मला लिहायची सवय नाही, अक्षर लावून घे. सही झाली. कागद रजिस्टरनं मी स्वतः टाकून आले.

यांना म्हटलं, आपली पोर गेली म्हणून दुसऱ्याची पोर खोडायची का? तर म्हणाले, तुला इंदूची आठवणही नको झालीय. मग माझं डोकं फिरलं. लग्नात ते नाव ठरवताना मला विचारलं नव्हतं कुणी. तू महिनाभर इथे होतीस. ओसरीवरून 'इंदू, पानी लाना' अशी हाक यायची आणि मी हातातलं टाकून वळून बघायचे. मग आतून तू यायचीस, आणि मला तुझाच राग यायचा. तुझा काय दोष, पण यायचा. सगळं बोलले. शेजारची कांचन धावत आली, क्या हुआ अम्मा. म्हटलं, कुछ नहीं, दस्तखत करवा रहे हैं. हे खाली मान घालून सही करून उठले. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. न बोलोत.

एक काम आहे. मागच्या मेळ्यांत किती मेले तेही तू लिहितेस, असं हे सांगत होते. आमची इंदू मेळ्यात नाही, घरी आणल्यावर गेली, म्हणून एरचच्या हिशोबात तिला कुणी धरलंच नाही. यांना ती छापून हवी आहे ना. पुढच्या पेपरात, ती गेली त्या सालच्या मेलेल्यांत एक वाढव. तिची जागा तिथे आहे.

माया आहे तशी राहू दे.

तुझी सासू,
गोदूबाई