ताईच्या साडीचा धागा

माय,

तुह्या पाया पडते. मी बरी आहो, जेवण बी टायमावर भेटते. ताईची हळद दळून झाली का?

फोनवर बोलतानी मामा तुह्या बाजूलेच बसून रायतेत, म्हणून लिवून राहिली. त्यायनं ताईच्या लग्नाची जे साडी घेतली, तिचा ब्लाउजपीस ते नागपूरले मी काम करते त्या टेलरच्या दुकानात टाकून गेले. म्हणे, "अस्सल रेशीम आहे, नीट शिवजो." मी त्याचा एक धागा जाळून पाह्यला, तं काळी गोळी झाली अन् प्लास्टिकचा वास आला. रेशमाची राख होते, माय. ते साडी घालून ताई होमाजवळ बसन. एक ठिणगी उडाली तं कापड अंगाले चिकटन.

साडीले फॉल-पिको करू नको, मंग दुकानवाला वापस नाही घेत. मी बी ब्लाउज कापला नाही. मास्तर रोज विचारतेत, "काहून वं, कैचीले जंग लागला का?" मी दुसरंच कापड मशीनवर घेते.

चमक नसली तं चालन, सुती पिवळी घेजा. मामा चिडतीन. माहं नाव सांगू नको असं लिवलं होतं, ते खोडलं. रक्षा म्हणते म्हणून सांगजो.

तुयी,
रक्षा