खालच्या अंगाचा शाळू

वडूज,
गुरुवार, ८ जानेवारी २०२६

तीर्थस्वरूप बिरदेवदादाला धाकट्या मायाचा नमस्कार.

आमी सगळी बरी हाय. सासूबाईंचा खोकला थांबलाय. तू फोन उचलत न्हाईस, म्हणून हे पत्र आटपाडीच्या गाडीच्या कंडक्टरजवळ देतेय.

वहिनी म्हणाली, शनिवारच्या बाजारात सगळी मेंढरं विकायला काढणार हायस. दादा, आधी माझं ऐक.

शिवारफेरीदिवशी ह्यांनी चारचौघांत म्हटलं, "सांडपाण्यातनं काढलेलं हे खत आलंय, आता लेंड्यांसाठी रानात मेंढरं बसवायची गरज न्हाई." तू भरल्या ताटावरनं उठलास. नंतर चार घरांनी मेंढरं बसवायला दिलेलं तुझं बोलावणं मोडलं. मी वाढत हुते आन् गप्प राहिले. त्याची लाज वाटतीच, पण त्याच्याहून वाईट गोष्ट सांगायची ऱ्हायलीय.

कृषीच्या पूजाबाईंनी त्या खतासाठी एक पट्टा आखून दिलेला. त्यात दुसरं काय पडू द्यायचं न्हाई, असं बजावलं हुतं. भाद्रपदात तू मेंढरं घेऊन आलास, कुठं बसवू म्हणून इचारलंस, तवा मीच त्या पट्ट्याचा वरचा निम्मा भाग दाखवला. भावाची मेंढरं बहिणीच्या रानात बसायचीच, दोन रातींनं काय हुतंय, असं वाटलं. पूजाबाईंना आन् ह्यांना बोलले न्हाई.

वरचा शाळू डोक्याच्या वर गेला. खालचा, नुसत्या खतावरचा, कमरेलाबी लागला न्हाई. पानं जांभळी पडली. शिवारफेरीला लोक आले तवा मी म्हणाले, खाली चिखल हाय, वरनंच बघा. कसला चिखल न् कसलं काय! पेपरात फोटो आला, त्यात मी हसतेय.

काल पूजाबाईंना खालच्या अंगाला नेलं. त्या रागावल्या न्हाईत, तेच लय लागलं. म्हणाल्या, आपल्या चुनखडीच्या रानात ह्या खतातलं स्फुरद मातीतच अडकून बसतंय, मुळांना गावत न्हाई. लेंड्या पडल्या तिथं ते सुटलं. हे घरात सांगितलं, तवापासनं ह्यांनी माझ्याशी बोलणं टाकलंय.

तो शाळू तुझ्या मेंढरांनी उभा केलाय, दादा. टाळ्या मी घेतल्या.

शनिवारी पहिल्या गाडीनं येतेय. त्या चार घरांची माणसं बाजारात असतीलच, त्यांच्यासमोर तोंडानं सांगीन. मला बहीण म्हणायचं का न्हाई ते नंतर ठरव, पण मी येईस्तोवर एकाबी मेंढराचं दावं कुणाच्या हातात देऊ नगंस.

तुझी चुकलेली,
माया