सेलेरॉन आज, पेन्टियम सहा आठवड्यांनी

१२ जून १९९९, शनिवार

आज 'ळ' गेला. ह्यांनी सकाळी केळं मागितलं, मला 'केअं' ऐकू आलं. दिलं. बरोबर ओळखलं म्हणून हसले. म्हणजे मला अजून कळतं!

पण फक्त मलाच. परवा ह्यांचा ज्युनियर आला होता, किशोर. अकरा वर्षं नामपल्ली कोर्टात ह्यांच्या हाताखाली काम केलेला माणूस, आणि ह्यांच्या प्रत्येक वाक्याला माझ्या तोंडाकडे बघत होता. मी दुभाषी — मराठीतून मराठीत.

डॉक्टर म्हणाले तेच डोक्यात फिरतं. नसांचा आजार. आधी जीभ जाणार, मग हळूहळू बाकीचं. औषध नाही. बोलणं किती दिवस? "दिवाळीपर्यंत राहील, पण खात्रीने नाही सांगता येत." हात अजून ठीक आहेत. स्वतःची दाढी स्वतः करतात.

न्यूजर्सीहून उदयचा फोन. "आई, बाबांना लॅपटॉप घेऊ. ते टाइप करतील, मशीन बोलेल. इथे असे पेशंट वापरतात. बोलणारं सॉफ्टवेअर मी पाठवतो, मशीन तू तिथेच घे. पैशाचा विचार करू नकोस."

मी कसा घेऊ लॅपटॉप? मी शाळेत एकोणतीस वर्षं गणित शिकवलं. शाळेच्या कॉम्प्युटर खोलीत चपला काढून जातात एवढंच मला माहीत.

१४ जून

सिकंदराबादला गेले, पार्कलेनला. दुकानदार अप्पाराव. तेलुगू माणूस, माझ्याशी आपल्या हैदराबादी हिंदीत. दोन मशिनं सांगितली. बाहेरून सारखीच. फरक आतल्या प्रोसेसरचा. एक सेलेरॉन, एक पेन्टियम टू.

"फरक काय?" म्हटलं.

"एकीच घर के दोनो, मेडम. सेलेरॉन छोटा भाई. थोडा धीमा. उसकी कॅश भी छोटी."

"कॅश?"

"जेब समझो. जेब बडी रही तो हर चीज के वास्ते अलमारी कू जाना नक्को."

एवढं चांगलं माझ्या शाळेत कोणी शिकवलं नसतं! सेलेरॉन दुकानात तयार. पेन्टियम मागवावा लागणार, सिंगापूरहून. सहा आठवडे.

घरी येऊन वहीत तीन रकाने आखले. वेग, कॅश, बॅटरी. बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं. निदान या गणिताला उत्तर आहे.

१६ जून

उदय म्हणतो पेन्टियमच. "आई, तो आवाज नवा आहे, अगदी माणसासारखा. पण सॉफ्टवेअर जड आहे. सेलेरॉनवर रडेल."

किशोर म्हणतो, "काकू, आज मिळतंय ते घ्या."

हे म्हणतात — मला असं वाटलं की म्हणाले — "ठरव तू." कदाचित "ठेव तू" म्हणाले. हातात पेपर होता. दोनदा विचारायचा धीर झाला नाही. दोनदा विचारलं की डोळे मिटून घेतात.

२१ जून, सोमवार

उदयची सीडी शनिवारी आबिड्सच्या पोस्टातून आणली. आज ह्यांना घेऊन पार्कलेनला गेले. निघताना कोर्टात घालायचा पांढरा शर्ट मागितला, बूट पुसून घेतले. ऑटोवाल्याला पत्ता मी सांगितला. हे बरोबर असताना आतापर्यंत कधी मी सांगितला नव्हता.

अप्पारावने सेलेरॉनवर सीडी चढवली. ह्यांनी दोन बोटांनी टाइप केलं — मे इट प्लीज युवर लॉर्डशिप. आम्ही वाकून बघत होतो. पंखा तेवढा फिरत होता. आणि मशीन बोललं — मे इट... इट... प्ली... प्लीज.

अप्पाराव घाईघाईने, "मेमरी बढाएंगे मेडम, ठीक होता."

ह्यांनी खिशातून वही काढली आणि लिहिलं, "अडखळायचंच तर मी आहे की!"

अप्पारावला अर्थ सांगितला. तो हसला, हे हसले, मीही हसले. आणि पेन्टियम ठरला.

खरं लिहिते, इथे कोण वाचतंय. मी म्हणू शकले असते, नको, आज आहे ते घेऊन जाऊ. नाही म्हटलं. मलाच तो अडखळता आवाज घरात नको होता.

२२ जून

ऑर्डर दिली. सहा आठवडे.

४ जुलै, रविवार

आज हे खूप बोलले. जेवण झाल्यावर खुर्ची माझ्याजवळ ओढली आणि सुरू केलं. पहिल्या केसची गोष्ट — बेगम बाजारचा भांड्यांचा व्यापारी, त्याचा बहिरा साक्षीदार, उर्दूतली उलटतपासणी. पूर्वी वीसदा ऐकली असेल, म्हणून अर्धीमुर्धी लागत होती. मध्येच दम लागायचा, थांबायचे, पुन्हा सुरू. हनुवटी रुमालाने पुसायचे आणि पुढे.

साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहिला आणि मी म्हटलं, "एक मिनिट थांबा हं, अप्पाराव दोनपर्यंतच असतो रविवारी, फोन करून घेते."

मशीन निघालं का ते विचारायचं होतं. निघालं नव्हतं.

परत आले तर हे पेपर वाचत होते. "हं, मग पुढे?" म्हटलं. हाताने 'असू दे' केलं.

१० जुलै

गोष्टीचा शेवट मला माहीत आहे. मुद्दाम पुन्हा विचारला. "सांगितला ना!" अशी मान हलवली. नाही सांगितला हो.

१७ जुलै

भाताचं शीत घशात अडकलं. पाच मिनिटं घर हलल्यासारखं झालं. आता सगळं वाटून, पातळ करून. वरणसुद्धा गाळून. ह्यांना वरणात आख्खी मिरची लागायची!

डॉक्टरांना फोन केला. "अपेक्षेपेक्षा जरा लवकर चाललंय." जरा म्हणजे किती? त्यांच्याकडे आकडा नाही. अप्पारावकडे निदान आकडा असतो. तीनशे सहासष्ट मेगाहर्ट्झ. दोनशे छप्पन्न कॅश. मी दिवसभर हेच घोकते, आठवीच्या मुलीसारखी.

२८ जुलै

'इंदू' आता 'ई-ऊ' झालं आहे. मी ओ देते.

३ ऑगस्ट, मंगळवार

सहा आठवडे झाले. अप्पाराव — "सिंगापूर से निकल गया मेडम. बस, आठ दिन."

त्याच्यावर चिडून काय करू? आवाजात लाज होती त्याच्या. म्हणाला, सेलेरॉन अजून पडून आहे, तोपर्यंत वापरायला घेऊन जा, काही देऊ नका. ह्यांना विचारलं. नाही. मान अशी हलवली की पुन्हा विचारलं नाही.

विचारायला हवं होतं. आणायलाच हवं होतं, न विचारता.

८ ऑगस्ट, रविवार

उदयचा फोन. उत्साहात. "आई, नोटबुकसाठी पेन्टियम थ्री येतोय, दोन-तीन महिन्यांत! ऑर्डर बदलता येते का बघ. एवढे थांबलोच आहोत, तर—"

मी ओरडले. पोरावर गेल्या वीस वर्षांत ओरडले नव्हते. "तुझा बाप थांबलाय का? तो रोज जातोय उदय, रोज थोडा जातोय! तुला मेगाहर्ट्झ दिसतात, मला एकेक अक्षर जाताना दिसतं!"

तिकडून रडण्याचा आवाज. सातासमुद्रापार पोरगं रडतंय आणि आयएसडीचं मीटर पळतंय. तोही काय करणार? त्याला तिथून जे करता येतं ते तो करतोय. सगळ्यात चांगलं मशीन. दुसरं काय पाठवेल?

हे बाहेरच्या खोलीत होते. सगळं ऐकलं असणार. आले, माझ्या डोक्यावर हात ठेवला, काहीतरी म्हणाले. तीन शब्द असावेत. मला एकही कळला नाही.

पहिल्यांदाच मला काहीच कळलं नाही.

१५ ऑगस्ट

सोसायटीत झेंडावंदन. ह्यांना नेलं. राष्ट्रगीताला हे ताठ उभे, तोंड उघडं, ओठ हलत होते. आवाज नाही, नुसता वारा. सगळ्यांचीच तोंडं हलत होती, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. मी शेजारी उभी राहून मोठ्याने म्हटलं. दोघांपुरतं.

१९ ऑगस्ट

आज काहीच बोलले नाहीत. काल बोलले होते का? शेवटचं नीट कळलेलं काय होतं? आठवत नाही. बहुतेक 'पाणी'. की 'पंखा'?

२७ ऑगस्ट, शुक्रवार

आलं!

अप्पाराव स्वतः घेऊन आला चिक्कडपल्लीला घरी, स्कूटरवर पायांशी खोकं धरून. चहा घेतला नाही, आधी मशीन लावलं. काळं, पातळ, छान आहे. सीडी चढवली. ह्यांनी टाइप केलं आणि मशीन धडाधड बोललं — एकदाही अडखळलं नाही! अप्पारावने हात जोडले, मशीनला की ह्यांना कोण जाणे.

बोलतं फक्त इंग्रजी. ह्यांनी इंग्रजी अक्षरांत लिहिलं, इंदू चहा दे. मशीन म्हणालं, "इंडू छाहा डी." मी एवढी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. हेही हसले, खांदे हलवत, बिनआवाजाचे.

मांडीवर फार तापतं. खाली पाट दिला.

१ सप्टेंबर

किशोर आला. दोन तास एका अपिलावर बोलले. हे टाइप करायचे, मशीन बोलायचं, किशोर लिहून घ्यायचा. एकदा तर मशीनकडून त्याला झापलं! किशोर आता माझ्याकडे बघत नाही. ह्यांच्याकडे बघतो.

मी आत उभी राहून ऐकत होते. कुणीतरी अमेरिकन साहेब बाहेर बसलाय असं वाटलं. पण मुद्दे ह्यांचेच. चिडणंही ह्यांचंच.

थांबलो ते बरोबर केलं. असं आज वाटतंय. वाटू द्यावं.

५ सप्टेंबर, रविवार

उदयला फोन लावला. रिसीव्हर मशीनच्या तोंडाशी धरला. ह्यांनी आधीच टाइप करून ठेवलं होतं, तीन ओळी. तिकडे उदयने आमच्या नातीला, प्रणिताला, फोन दिला. पाच वर्षांची आहे. गेल्या वर्षी इथे दोन महिने होती, ह्यांच्या मांडीवर बसून गोष्टी ऐकायची.

मशीन बोललं. मग तिचा आवाज, स्पष्ट — "हू इज दॅट, पापा?"

"आजोबा आहेत बेटा."

"नाही. आजोबा असे नाही बोलत."

ह्यांनी एक शब्द टाइप केला. मशीन म्हणालं, "सस्टेन्ड." म्हणजे हरकत मान्य.

६ सप्टेंबर

सकाळीच उदयचा फोन. "आई, बाबांचा आवाज कुठे कॅसेटवर आहे का गं? कसलाही. प्रणिताला ऐकवायला. मलाही."

लग्नाच्या कॅसेटवर नुसती सनई आहे. बाकी काही नाही.

टेपरेकॉर्डर फ्रिजवर आहे. लाल बटणाचा. जूनमध्येही तिथेच होता, जुलैतही. मी रोज त्याच्यावर भजनं लावून पोळ्या केल्या.