दारावरचं नाव

एडिसन, न्यू जर्सी
९ नोव्हेंबर १९८६

ती. गिरजाआत्यास,
सुनेत्राचा सविनय जयभीम. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. गुडघ्याला तेल लावतेस की बाटलीकडे नुसती बघतेस, हे मी बाबांना कळवायला सांगितलं आहे. या बाबतीत तुझ्यावर माझा भरवसा नाही.

माझी बातमी अशी की टलींना खोली मिळाली. मागे लिहिलं होतं तेच हे अर्नेस्ट टली, वय अठ्ठावन्न. कारखान्यात यंत्रं दुरुस्त करायचे. कारखाना बंद पडला, पाठोपाठ बायको गेली, मग घर गेलं, आणि दोन हिवाळे त्यांनी रेल्वे स्टेशनच्या बाकावर काढले. इथे बहुतेक ठिकाणी माणसाने आधी दारू सोडायची, सुधारल्याचं दाखवायचं, मग त्याला खोली. आमची संस्था म्हणते, आधी खोली द्या. बाकीचं त्याला स्वतःचं दार लावून घेता आल्यावर. चर्चने आम्हाला मार्चपर्यंत तीन खोल्यांचं भाडं दिलं आहे, खोल्या आम्ही शोधायच्या. तिघंही टिकले तर पुढच्या वर्षी दहा खोल्या. एक जरी परत रस्त्यावर गेला तर काम बंद.

खोली श्रीरंगकाकांच्या घरी, वरच्या मजल्यावर. हे पुण्याचे, औषधांच्या कंपनीत इंजिनिअर. ओक ट्री रोडवरच्या किराणा दुकानात ओळख झाली आणि कांचनकाकूंनी मला तिथल्या तिथे जेवायला बोलावून टाकलं.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. फॉर्मवर आधीच्या पत्त्याचा रकाना असतो. बारा घरमालकांना मी रेल्वे स्टेशन असं खरं सांगितलं. बाराही जणांची खोली नेमकी आदल्या दिवशी गेलेली होती. तेराव्या, श्रीरंगकाकांच्या फॉर्मवर मी लिहिलं, टली मित्राकडे राहत होते. माझ्या हाताने, काळ्या शाईने.

शाळेत नाव घालायच्या आधी तू मला घरी शिकवायचीस. एकदा मी शेजारच्या नरेंद्रच्या पाटीवरची बेरीज उतरवली, तर तू माझी सबंध पाटी पुसायला लावलीस. आता काय पुसू? श्रीरंगकाकांना जाऊन सांगून टाकू का? सांगितलं तर खोली जाईल. नाही सांगितलं तर मला झोप नाही.

टली पिशवी उघडत नाहीत. दाराजवळ जमिनीवर झोपतात, पायांत बूट तसेच. टपालपेटीवर नाव लावू देत नाहीत. माझ्याकडे जादा किल्ली आहे, रोज संध्याकाळी आत वरण-भात ठेवून येते.

रागाव, पण पत्र पाठव. माया आहे तेवढीच राहू दे.

तुझी,
सुनेत्रा


नागपूर
२१ नोव्हेंबर १९८६

चि. सुनेत्रास,
गिरजाआत्याचे अ. उ. आ. आणि जयभीम.

तेल लावते. तुझ्या बापाने हेर असल्यासारखी बाटली उजेडात धरून पाहिली.

तुला एक सांगायचं राहिलं आहे. १९५८ साली शिक्षिका म्हणून माझी पहिली नेमणूक धुळ्याला झाली. नऊ घरी आडनाव विचारलं आणि खोली नाही म्हणून सांगितलं. दहाव्या घरी मी गजभिये म्हटलंच नाही, देशमुख म्हटलं. खोली मिळाली. चांगली होती, खिडकी होती. पाच महिने राहिले. बाबासाहेबांचा फोटो ट्रंकेत, साड्यांखाली पालथा. राजाराम, तुझा बाप, मला भेटायला आला तेव्हा घरमालकिणीला मी सांगितलं की हा शाळेचा शिपाई आहे. तो अंगणात उभ्याने पाणी प्यायला आणि आल्या पावली परत गेला. त्याने ते पुन्हा कधी काढलं नाही. मीही आज पहिल्यांदा लिहिते आहे.

नंतर मी ती खोली सोडली. रेल्वेतल्या गार्डाची एक विधवा होती, तिने आडनाव न विचारता एकच विचारलं, नळ पहाटे पाचला येतो, उठशील का? तिथे अकरा वर्षं राहिले. ट्रंक पहिल्या दिवशी रिकामी केली.

तू खोटं लिहिलंस, ते चूक. पण आता धावत जाऊन सांगून टाकशील तर ते तुझ्या झोपेसाठी होईल. गोष्ट टलींची आहे. सांगायची की नाही, कुणी सांगायची, हे आधी त्यांना विचार.

आणि दुसरं. किल्ली लावून सरळ आत जातेस? आपल्या घरी दिवसभर दार उघडं, ज्याला वाटेल तो आत येतो, म्हणून तुला खटकलं नसेल. ज्या माणसाला दोन वर्षं दारच नव्हतं, त्याचं दार वाजवायचं असतं.

जेवत जा. रोज दुसऱ्याच्याच दारात वरण-भात ठेवू नकोस.

तुझीच,
गिरजाआत्या


एडिसन
४ डिसेंबर १९८६

ती. आत्यास,
सविनय जयभीम. वि. वि.

तुझं पत्र काल मिळालं. आठ दिवस आधी मिळायला हवं होतं.

गेल्या गुरुवारी इथे थँक्सगिव्हिंगची सुट्टी होती. टली बाहेर गेले होते. मी किल्लीने आत गेले, आणि त्यांना घरासारखं वाटावं म्हणून त्यांची पिशवी उघडली. कपडे धुतले, घड्या करून कपाटात लावले, बायकोचा फोटो पुसून फळीवर ठेवला. मला वाटलं केवढं चांगलं काम केलं. दुसऱ्या दिवशी कपाट रिकामं, किल्ली टेबलावर, आणि ते परत स्टेशनच्या बाकावर. मी बोलवायला गेले तर वर्तमानपत्र खाली केलं नाही.

श्रीरंगकाकांचा फोन आला की वरची खिडकी पाच दिवस अंधारी आहे, माणूस आजारी आहे का. मी म्हटलं रविवारी येऊन सांगते. अजून एक खोटं माझ्या तोंडात तयार होतं. कसंबसं गिळलं.

काल तुझं पत्र पर्समध्ये घेऊन पुन्हा स्टेशनवर गेले. टलींची माफी मागितली आणि टेबलावरची किल्ली आणि माझ्याकडची जादा, दोन्ही त्यांच्या हातात दिल्या. ते म्हणाले, वरण-भाताबद्दल तक्रार नाही, फक्त मीठ कमी असतं. पण न विचारता पिशवीत हात घालायचे ते स्टेशनवरचे पोलीस. मग त्यांनी विचारलं, घरमालकाला ठाऊक आहे का ते कुठून आले. मी फॉर्मचं सांगितलं. त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. मग म्हणाले, म्हणजे ती खोली मी रचलेल्या कुठल्यातरी दुसऱ्याच माणसाची आहे. तरीच त्यांना तिथे झोप येत नव्हती.

आत्या, मी त्यांना तुझी धुळ्याची गोष्ट सांगितली. सांगून झाल्यावर लक्षात आलं की तुला विचारलंच नाही. माझं कसं होणार? त्यांनी एवढंच विचारलं, तो भाऊ दुसऱ्या खोलीवर कधी आला का? तुला विचारून सांगते म्हटलं.

श्रीरंगकाकांना ते स्वतः सांगणार आहेत. खोली जाऊ शकते, तिच्याबरोबर सगळं कामही, हे मी बजावलं. ते म्हणाले, दोन हिवाळे काढले, तिसराही काढता येईल. पण दुसऱ्याच्या नावावर नाही. रविवारी दोघं जातो आहोत.

या भित्र्या भाचीला पदरात ठेव.

सुनेत्रा


नागपूर
१७ डिसेंबर १९८६

चि. सुनेत्रास,
अ. उ. आ. आणि जयभीम.

माझी गोष्ट न विचारता सांगितलीस, तर आता पुरी सांग. हो, राजाराम दुसऱ्या खोलीवर आला. रस्त्यातूनच त्याने माझं नाव आडनावासकट घेऊन अशी हाक मारली की सगळ्या आळीने खिडक्या उघडल्या. मग आत येऊन चार भाकरी खाल्ल्या.

रविवारी काय झालं ते मला ठाऊक नाही. तरी सोबत पार्सल पाठवते. पंडित पेंटरकडून टलींच्या नावाची पत्र्याची पाटी रंगवून घेतली. मी पांढरं सांगितलं होतं. त्याने पिवळ्यावर लाल काढलं, लांबून दिसतं म्हणाला. या दारावर लागली नाही तर पुढच्या दारावर लागेल. पुढचं दार शोधायला तू आहेसच.

माया आहे, मिठासारखी मोजून नाही.

गिरजाआत्या


एडिसन
११ जानेवारी १९८७

ती. आत्यास,
सविनय जयभीम. वि. वि.

पार्सल पोचलं, पत्रा एका कोपऱ्यात वाकला होता. टलींनी तो गुडघ्यावर धरून सरळ केला.

त्या रविवारचं सविस्तर लिहायचं म्हणून थांबले होते. टली टोपी मांडीवर घेऊन बसले आणि पाच-सहा वाक्यांत सगळं सांगून मोकळे झाले. श्रीरंगकाका चिडले, पण त्यांच्यावर नाही, माझ्यावर. त्यांच्या घरी जेवून मी त्यांना फसवलं म्हणाले. मी हो म्हटलं. आधी खरं कळलं असतं तर खोली दिली असती का, असं कांचनकाकूंनीच त्यांना विचारलं. काका विचार करून म्हणाले, नसती दिली. आत्या, ते खरं बोलले हे मला फार बरं वाटलं. शेवटी ठरलं ते असं: मार्चपर्यंत टलींनी राहावं, पुढचं ते माणूस बघून ठरवतील, आणि माझ्या हातचा कुठलाही फॉर्म या घरात येणार नाही.

मग मी आणखी एक सांगितलं. पहिल्या जेवणाला काकांनी मला मूळचे कुठले, आडनाव काय, असं विचारलं होतं, तेव्हा मी नुसतं नागपूर म्हटलं होतं आणि कोशिंबीर मागितली होती. आता सांगितलं, गजभिये. आम्ही जयभीमवाले. काका साखर विरघळून गेलेला चहा ढवळत राहिले. त्यानंतर महिनाभर त्यांच्याकडून जेवायचं बोलावणं नाही. नसेना.

टली त्याच रात्री वर राहायला गेले. मी आता मंगळवारी आणि शुक्रवारीच जाते, वार त्यांनी ठरवले. दवाखान्यात ते स्वतः म्हणाले तेव्हा घेऊन गेले. बाकीच्या दोन खोल्याही भरलेल्या आहेत. मार्च लांब आहे, पण मी चर्चला दहा खोल्यांसाठीचा अर्ज आजच लिहायला घेतला आहे. त्यात एक ओळही खोटी नाही, दोनदा तपासला.

पाटी गेल्या आठवड्यात लागली. कांचनकाकू जिन्यातून वर बघून म्हणाल्या, एवढा भडक रंग कुणी निवडला. एवढंच बोलल्या, पण बोलल्या.

परवा शुक्रवारी मी गेले आणि दार वाजवलं. आतून कोण म्हणून विचारलं. मी बाबांसारखं, खालच्या मजल्यावर ऐकू जाईल असं, पूर्ण नाव सांगितलं. बराच वेळ लागला. दार उघडलं तेव्हा टलींच्या पायांत बूट नव्हते.

तुझीच,
सुनेत्रा राजाराम गजभिये